पिशवीचं रोबोटिक ऑपरेशन आणि त्याच दिवशी सुट्टी: गाव लांब असेल तर काय करायचं

सकाळी रोबोटने गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन आणि संध्याकाळी सुट्टी, हे नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्या बाईला जितकं सोपं आहे तितकं एटापल्ली, धारणी किंवा झरी-जामणीसारख्या लांबच्या तालुक्यातल्या बाईला नाही. दवाखान्यातून सुट्टी होणं वेगळं आणि गावच्या घरी पोचणं वेगळं. सुट्टी त्याच दिवशी होऊ शकते. गावी जायची मात्र लांबच्या बाईने घाई करू नये. ऑपरेशननंतर आतून मोठा रक्तस्राव व्हायचाच असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत कळतो, आणि तेव्हा बाईला पुन्हा थिएटरात न्यावं लागतं. म्हणून पहिली रात्र अशा ठिकाणी काढायची की जिथून तासाभराच्या आत ऑपरेशनची सोय आणि रक्त असलेला दवाखाना गाठता येईल. भंडाऱ्याच्या अलीकडच्या किंवा वर्धा रोडवरच्या गावांना हे जमतं. चंद्रपूर आणि यवतमाळ नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोली त्याहून पुढे, आणि तालुक्याची खेडी तर आणखी आत. तिकडच्यांनी एक रात्र, शक्य असेल तर दोन, नागपुरातच नातेवाइकाकडे किंवा दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत थांबावं. ती जागा तळमजल्यावर असावी, झोपायला पलंग असावा, संडास खोलीला लागून असावा आणि गाडी दारापर्यंत यावी. तिसऱ्या मजल्यावरच्या भाच्याच्या खोलीपेक्षा वॉर्डातली एक रात्र बरी.

रोबोट स्वतःहून काही कापत नाही. डॉक्टर बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात. पोटावर साधारण ८ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडतात, कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात आणि सुटी केलेली पिशवी बहुधा योनीमार्गातूनच बाहेर काढतात. वरचे टाके बोटाच्या पेराएवढे दिसतात, पण आतलं काम पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकंच मोठं असतं. योनीच्या वरच्या टोकाला टाक्यांची एक ओळ असते. ती कोणाला दिसत नाही आणि घरचे विसरतात ती हीच. पुढच्या सहा आठवड्यांचे सगळे नियम तिच्यासाठी आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही त्याच दिवशी सुट्टी मिळू शकते. कॅन्सर नसलेल्या साध्या आजारात दुर्बिणीच्या आणि रोबोटच्या निकालात फार फरक पडत नाही. फक्त लवकर घरी जायचं म्हणून रोबोटसाठी कर्ज काढू नका. आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर पिशवी काढायलाच हवी का, हे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारून घ्या.

त्याच दिवशी सुट्टी कोणकोणी मागू नये

सिकलसेलचा आजार असलेल्या बाईने मागू नये. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात आणि मेळघाटात सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय भुलीला होकार देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीवरून एएस आहे की एसएस ते कळतं. एएस म्हणजे वाहक. अशा बाईचं ऑपरेशन बहुधा इतरांसारखंच पार पडतं. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. एसएस असेल तर थंडी, पाणी कमी पडणं आणि ऑक्सिजन घसरणं या तिन्ही गोष्टींनी पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. छातीचा गंभीर त्रास पुढच्या एक-दोन दिवसांतही सुरू होऊ शकतो. एसएस बाईला वॉर्डातच राहू द्या, सलाईन आणि ऑक्सिजनवर लक्ष राहू द्या.

हृदयविकार, आटोक्यात नसलेली शुगर किंवा दमा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल, किंवा घरी रात्रभर सोबतीला मोठं माणूस नसेल, तरीही थांबणंच योग्य. ऑपरेशनमध्ये रक्त जास्त गेलं, आतडं किंवा लघवीची पिशवी चिकटलेली निघाली, पोट उघडावं लागलं किंवा ऑपरेशन दुपारनंतर सुरू झालं, तर सुट्टीचा बेत तिथेच मोडायचा. म्हणून नाव नोंदवताना सकाळचा पहिला नंबर मागून घ्या.

आता खर्रा. खर्रा (तंबाखू-सुपारी), नस (तपकीर), गुडाखू यांतलं जे काही चालू असेल ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर एकटीने सांगा. खर्ऱ्याने जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर भूल देताना श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं आणि त्याची वेगळी तयारी लागते. हे टेबलावर गेल्यावर कळलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं. तंबाखूने टाकेही उशिरा भरतात. निदान चार आठवडे आधी बंद करा.

आधीचा महिना

अंगावरून खूप जात असलेल्या बाईचं रक्त कमीच असतं. हिमोग्लोबिन १० च्या वर आणायचा प्रयत्न करा. लोहाच्या गोळ्यांना वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत साधारण एक ग्रॅम वाढतं, तेही गोळी चहासोबत घेतली नाही तरच. लिंबूपाण्यासोबत घ्या. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर शिरेतून लोह देतात, पण त्याचाही पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार आठवडे जातात. दरम्यान पाळी थांबवायच्या किंवा रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या डॉक्टरांकडून मागून घ्या, नाहीतर एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं असं होतं.

तारीख ठरवताना शेताकडे पाहा. जुलै-ऑगस्टच्या निंदणात किंवा दिवाळीनंतरच्या कापूस वेचणीत ऑपरेशन केलं तर बाई घरी बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते पर्लकोटा नदीच्या पुराने बंद होतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात गाडीचा प्रवास नको. वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात बरा.

विमा असेल तर २४ तासांची अट तपासा. पुष्कळ पॉलिसींत दावा मंजूर व्हायला २४ तास भरती लागते, त्याहून कमी वेळात होणारे उपचार डे-केअर म्हणून धरतात. विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नव्हती, पण तिच्यावर रकमेची मर्यादा घालता येत होती; तुमच्या पॉलिसीत काय आहे ते तपासा. दवाखान्याच्या विमा काउंटरकडून पूर्वमंजुरी लेखी घ्या आणि तिच्यावर त्याच दिवशी सुट्टी असा उल्लेख करून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करत असाल तर रोबोटचे पैसे वेगळे लागतात का, हे भरती व्हायच्या आधी विचारा. टाके घातल्यावर विचारून उपयोग नाही.

नेहमीच्या गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. शुगरची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी थांबवावी लागते. मेटफॉर्मिन त्या सकाळी घेत नाहीत. बीपीच्या काही गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात, काही नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि सुरूही ठेवू नका.

ऑपरेशनचा दिवस

रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, हा जुना नियम आता बहुतेक ठिकाणी राहिलेला नाही. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तेलकट किंवा मटण आठ तास आधीपर्यंत, आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. उपाशीतापाशी आणि तहानलेली बाई भुलीतून उठल्यावर जास्त ओकते, आणि ओकणं थांबलं नाही तर सुट्टी होत नाही.

कपड्यांत सैल गाऊन घ्या. छिद्रं बेंबीच्या ओळीत किंवा थोडी वर असतात, साडीच्या परकराचा नाडा आणि गाठ नेमकी तिथे रुतते. पोटपट्ट्याची गरज नसते. सोबत मोठे पॅड, न वाकता घालता येणारी चप्पल, थर्मामीटर, मोबाइलचा चार्जर आणि एक छोटी उशी. दागिने आणि बांगड्या घरी ठेवा. नखांचा रंग काढा, ऑक्सिजन मोजायची चिमटी बोटाला लागते.

शुद्धीवर आल्यावर खांदा दुखतो, बहुधा उजवा. बायकांना वाटतं हार्टचं काही झालं. पोटात राहिलेला वायू श्वासपटलाला टोचतो आणि तीच नस खांद्याकडे जाते, म्हणून दुखतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं, दोन-तीन दिवसांत जातं. खांद्यावर कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी चालते. पोटाला शेक मात्र नको, शेगडी तर नकोच.

सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी

गोळीवर दुखणं सहन होतं का, पाणी आणि थोडं खाणं पोटात टिकतं का, चक्कर न येता वॉर्डात दोन फेऱ्या मारता येतात का, आणि लघवी झाली का. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक त्यातच घाई करतात. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर चार-सहा तासांत लघवी व्हायला हवी. काही ठिकाणी नळी काढण्याआधी लघवीच्या पिशवीत २०० ते ३०० मिलिलिटर सलाईन भरतात. त्यातलं दोन तृतीयांश बाहेर आलं की पास. भुलीने आणि दुखण्याच्या औषधांनी लघवीची पिशवी काही तास सुस्त पडते. थेंबथेंब होतं तेव्हा बाई म्हणते झाली, आणि रात्री पोट तटतटून परत यावं लागतं. नर्सला भांड्यात मोजून दाखवा. झालीच नाही तर नळीसह एक-दोन दिवस राहणं हा काही पराभव नाही.

कागदावर या गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत: अंडाशय काढले की ठेवले, गर्भाशयाचं तोंड काढलं का, शेवटची दुखण्याची गोळी किती वाजता दिली, कोणत्या औषधाची ॲलर्जी निघाली, आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर. नंबर तिथेच उभं राहून लावून पाहा. गावात नेटवर्क नसेल तर रेंज कुठल्या टेकाडावर किंवा कोणाच्या गच्चीवर येते हे घरच्यांनी आधी ठरवून ठेवावं. कागदाचा फोटो आशाताईच्या मोबाइलवर पाठवा.

गाडी

मोटारसायकल, ऑटो, काळीपिवळी आणि एसटी नको. चारचाकीत पुढची सीट मागे कलवून बसा, मागच्यापेक्षा तिथे दणके कमी बसतात. सीटबेल्ट लावायचाच, पोट आणि पट्टा यांच्या मध्ये ती छोटी उशी ठेवायची. निघायच्या अर्ध्या तासाआधी डॉक्टरांनी लिहिलेली उलटीची गोळी घ्या. मुक्कामानंतर लांब जायचं असेल तर दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. नुसतं बसून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतते. बसल्या जागी पायाचे पंजे वरखाली करत राहा. स्पीडब्रेकरला ड्रायव्हर घाई करणारच, त्याला आधी सांगून ठेवा.

पहिले दोन दिवस

जमिनीवर अंथरूण नको. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या आधाराने बसायचं. खोकला किंवा शिंक आली की उशी पोटाशी दाबून धरा. खोलीत दुसरं माणूस झोपलेलं असावं, दवाखान्यातली गुंगी २४ तास पूर्ण उतरत नाही. या वेळात चूल, विळी आणि कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही नको.

पाणी भरपूर. टाके ओले होतात म्हणून पाणी तोडायची पद्धत काही घरांत आहे, तिने लघवी जळजळते आणि संडास घट्ट होते. ताक, आंबील, वरणभात, मुगाची पातळ खिचडी पहिल्या दिवसापासून चालते. सावजी रस्सा आठवडाभर राहू द्या.

दुखण्याच्या गोळ्या दुखल्यावर घ्यायच्या नाहीत, पहिले दोन-तीन दिवस घड्याळाने घ्यायच्या. साधारणपणे पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, आणि डॉक्टरांनी लिहिलं असेल तर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी जेवणानंतर. वजन ५० किलोच्या आत असेल तर पॅरासिटामॉल ५०० ची. मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असेल तर आयब्युप्रोफेन नको. वाचता येत नसेल तर पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून ठेवा.

घोळ होतो तो पुढे. तिसऱ्या दिवशी शेजारची बाई म्हणते, गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन आणि ताकदीचं सलाईन लावून घे. ते इंजेक्शन बहुधा डायक्लोफेनॅकचं असतं, म्हणजे आयब्युप्रोफेनच्याच जातीचं. दोन्ही एकत्र गेले की मूत्रपिंडावर ताण येतो, पोटातून रक्त जाऊ शकतं. शिवाय ताप आणि दुखणं दबतं आणि आतला बिघाड दोन दिवस उशिरा कळतो. मेडिकलवाल्याकडच्या जोड गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे डोस दुप्पट. आधी सुट्टीच्या कागदावरच्या नंबरला फोन करा.

संडास तीन दिवसांत व्हायला हवी. पहिल्या रात्रीपासून इसबगोल किंवा लिहून दिलेलं लॅक्टुलोज घ्या. कुंथणं वाईट, उकिडवं बसणं तेवढं वाईट नाही. पहिला आठवडा मध्ये भोक असलेली खुर्ची किंवा भिंतीला धरायला दोर असेल तर बरं. नदी-विहिरीवर आणि टाक्यात उतरून आंघोळ सहा आठवडे नाही. अंगावर पाणी घेऊन आंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते. छिद्रांवर हळद, तेल, कापूर काही लावू नका, नुसतं कोरडं ठेवा.

सहा आठवड्यांचं काम

सगळ्यात अवघड भाग हाच, कारण आठव्या दिवशी बाईला बरं वाटतं आणि घरच्यांनाही. पोटावर चार ठिपके, ऑपरेशन झालंय कुठे? आतले टाके मात्र अजून कच्चे असतात. पाण्याने भरलेली गुंड, म्हणजे मोठी घागर, दहा-पंधरा किलोची होते. मर्यादा आहे चार-पाच किलो. म्हणजे गुंड नाही, कळशी अर्धी भरलेली चालेल. हापशी चालवणं, जळतणाचा भारा, कडेवर पोर, चारा कापणं, कमरेला कापसाची ओटी बांधून वेचणी, हे सहा आठवडे बंद. कोण पाणी भरणार हे ऑपरेशनच्या आधी ठरवा, नाव घेऊन. सगळे मिळून करू म्हणजे कोणीच करत नाही.

चालणं पहिल्या दिवसापासून, रोज थोडं जास्त. भाकरी थापणं, भाजी चिरणं ओट्याजवळ उभं राहून किंवा खुर्चीत बसून दुसऱ्या आठवड्यापासून. नवऱ्याजवळ जाणं किमान सहा ते आठ आठवडे नाही, आणि डॉक्टरांनी आतून तपासून हो म्हटल्यावरच. हे नवऱ्याला सुट्टीच्या वेळी डॉक्टरांनी किंवा नर्सने तोंडी सांगावं. बाईने घरी जाऊन सांगायचं ठेवलं तर पुष्कळदा ते सांगितलं जात नाही. रोबोट आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात योनीच्या टोकाचे टाके उसवण्याचा धोका पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा थोडा जास्तच असतो.

थोडं लाल-तपकिरी जाणं चार-सहा आठवडे चालू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाके विरघळताना एखाद दिवस जास्त दिसतं, त्याने घाबरू नका.

कधी निघायचंच

- तासाभरात एक मोठा पॅड भिजला, किंवा गाठी पडायला लागल्या.
- ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, किंवा घाण वास येणारं पाणी.
- सहा तास लघवी नाही.
- एका पोटरीत दुखणं आणि सूज, किंवा अचानक दम लागणं. यात वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.
- पहिल्यापेक्षा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं, फुगतं, उलट्या होतात. याला गॅस म्हणून ओवा देत बसू नका. आतड्याला इजा झाली असेल तर ती अशीच उघड होते, आणि कधी कधी ताप फारसा नसतोही.
- एक ते तीन आठवड्यांनी योनीतून सतत पाणी झिरपतं, कपडे ओले राहतात, कमरेच्या बाजूला दुखतं. मूत्रपिंडाकडून लघवी आणणाऱ्या आतल्या नळीला ऑपरेशनमध्ये चटका बसला असेल तर तो इतक्या उशिरा दिसतो. ते अंगावरचं पांढरं नव्हे.
- अचानक भसकन पाणी येऊन योनीतून काही बाहेर आल्यासारखं वाटलं, तर आडवं व्हा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा, आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका आणि १०८ बोलवा.

१०८ ची गाडी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेईल. तिथे सुट्टीचा कागद दाखवा आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्या. पुढे न्यायचं झालं तर चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, अकोल्याची सरकारी मेडिकल कॉलेजं किंवा वर्ध्याजवळची सेवाग्राम-सावंगीची मेडिकल कॉलेजं यांतलं जे जवळ असेल ते गाठा. नागपूरच गाठायचा हट्ट धरून वाटेतले तास घालवू नका.

काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल साधारण आठवडा-दहा दिवसांत येतो. तो आणायला कोण जाणार हे ठरवा आणि पहिल्या फेरतपासणीला तो हातात घेऊनच जा. त्यात कधी कधी आधी न दिसलेला कॅन्सर निघतो आणि कागद दवाखान्याच्या कपाटात पडून राहतो. गर्भाशयाचं तोंड ठेवलं असेल तर त्याची तपासणी पुढेही चालू राहते. दोन्ही अंडाशय काढले असतील आणि वय पन्नाशीच्या आत असेल, तर अंगातून वाफा निघणं, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं यावरच्या औषधांचं बोलणं सहाव्या आठवड्याच्या भेटीतच काढा.